दुभाषी बाईची हमी

मुलुंड पूर्वेच्या त्या सोसायटीत हेमांगी मेस्त्रीला नावाने ओळखणारे कमी, 'चायनीज बोलणारी' म्हणून ओळखणारे जास्त. वडील रामचंद्र परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. संपात गिरणी सुटली ती सुटलीच. मग ते भांडुपला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहिले आणि पोरीला टायपिंगच्या क्लासला घातलं. त्या टायपिंगवर ती मस्जिद बंदरला खेळणी आयात करणाऱ्या एका शेठकडे लागली. शेठचा माल चीनहून यायचा आणि दर वेळी त्यात काहीतरी भलतंच निघायचं. बाहुल्या मागवल्या की नुसते बाहुल्यांचे हात. शेवटी वैतागून शेठने ऑफिसात विचारलं, कुणी ती भाषा शिकतंय का, फी मी भरतो. बाकीचे हसले. हेमांगीने हात वर केला. संध्याकाळचा क्लास म्हणजे घरी उशिरा जायला सबब, आणि तेव्हा नंदूशी तिचं नुकतंच जुळत होतं.

नंदूशी लग्न झालं आणि भाषाही चढली. शेठबरोबर ती चीनमधल्या यीवूच्या घाऊक बाजारात जाऊन आली, पुढे एकटीही गेली. शेठ वारल्यावर धंदा मिटला, तेव्हा तिला अंधेरीच्या एमआयडीसीत काम मिळालं. कारखाना छोटा, मोटारींचा. मुठीत मावतील अशा विजेच्या मोटारी, किचनच्या चिमणीत आणि दवाखान्यातल्या पंपांत बसणाऱ्या. या मोटारींच्या पोटात नखाएवढी चुंबकं लागतात. ती निंगबो नावाच्या बंदराच्या शहरातून यायची, आणि तिथल्या कंपनीतून बोलायला असायची लिन.

लिन तिच्याहून थोडी मोठी. हेमांगी तिला 'लिन जिए' म्हणायची, म्हणजे लिनताई. लिन तिला 'मेई' म्हणायची, धाकटी. दोघींची भेट कधीच झाली नव्हती. पण चुंबकाचा लेप उडतोय, खोके भिजलेत, माल बंदरात अडकलाय, अशा भांडणांतून वर्षानुवर्षं गेलेल्या दोन बायकांना भेटीची फारशी गरज उरत नाही. लिनच्या मुलाला दहावीसारख्या कुठल्याशा परीक्षेत कमी मार्क पडले तेव्हा ती हेमांगीपाशी रडली होती. हेमांगीची मुलगी दिशा पास झाली तेव्हा तिचा पेढ्यांच्या बॉक्ससोबतचा फोटो निंगबोला गेला होता.

चीनच्या सीमेवर चकमक झाली ते वर्ष वाईट गेलं. दोघी ज्या ॲपवर बोलायच्या ते सरकारने बंद केलं, मग साधे फोन आणि मेसेज सुरू झाले. सोसायटीच्या गेटवर कुणीतरी जुना चिनी टीव्ही आपटून फोडला, आणि बाजूने जाणाऱ्या हेमांगीला एकाने हसत विचारलं, वहिनी, तुम्हाला चालेल ना? तेव्हापासून ती गॅलरीत उभी राहून चिनी बोलत नसे. फोन आला तर आतल्या खोलीत जाऊन दार लावायची. पुढे तर दार लावल्यामुळेच लोकांना जास्त संशय यायला लागला, पण ते तिला उशिरा कळलं.

खरी गडबड सुरू झाली ती गेल्या वर्षी. अमेरिकेने चीनच्या मालावर कर वाढवला, चीनने उलट चुंबकं बाहेर पाठवण्यावर बंधनं घातली. कारखान्यात साठा होता म्हणून पावसाळ्यापर्यंत निभावलं. ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारताच्याही मालावर जबर कर लावला. कारण काय, तर आपण रशियाचं तेल घेतो. दवाखान्याच्या पंपांचं मोठं काम अमेरिकेला जायचं, ते एका ईमेलवर थांबलं. मालक देवव्रत करंदीकर दोन दिवस केबिनच्या बाहेर आले नाहीत. पोटापाण्याचा प्रश्न सगळ्यांचाच होता. हेमांगीला वाटलं, आता कारखानाच बंद होतो.

त्याच सुमारास लिनचा फोन आला. तिकडच्या सरकारी कचेरीने अट घातली होती. चुंबकं हवी असतील तर हमी द्या, ती हत्यारांत जाणार नाहीत आणि फिरून अमेरिकेलाही जाणार नाहीत. कागद कंपनीचे कंपनीला जातील ते जातील, लिन म्हणाली, पण खाली सही माझी आहे.

"मेई, कागद मला नको. तू सांग. तुझ्या शब्दावर मी सही करते."

हेमांगीला हसू आलं. अमेरिकेचं काम तर गेलंच होतं. आणि चिमणीच्या पंख्याने कोण कुणाला मारणार? तिने शब्द दिला. माल सुटला.

दिवाळीनंतर कारखान्यात बदल दिसायला लागले. वरच्या मजल्यावरची अर्धी जागा पार्टिशन घालून वेगळी केली, काचांना दुधी कागद लावला. दाराशी एक लाकडी खोका ठेवला, आत जाणाऱ्याने मोबाइल त्यात टाकायचा. हे सगळं बघायला देवव्रतांचा पुतण्या हर्षद आला होता. बेंगळुरूला नोकरी करून परतलेला, तिशीतला, गोड बोलणारा. हेमांगी एकदा लिनला माप सांगायचं म्हणून नमुन्याची मोटार आणायला वर गेली. तिला दारातच थांबवलं. आतून आवाज येत होता, पंख्याचा नाही, चिडलेल्या गांधीलमाशीसारखा बारीक आणि उंच. हर्षद स्वतः मोटार घेऊन बाहेर आला. म्हणाला, शेतात फवारणीचे ड्रोन असतात ना, त्यांचं नवीन काम घेतलंय.

फवारणीच्या कामाला मोबाइल कशाला काढून ठेवायचे, हे तिने विचारलं नाही. पण मनात राहिलं. मे महिन्यात पाकिस्तानशी जे चार दिवस झालं त्यानंतर ज्याच्या त्याच्या तोंडी ड्रोन होते. सोसायटीत, भाजीच्या गाडीवर, सगळीकडे तेच. त्यांच्याकडची विमानं चीनने विकलेली, आपल्याकडची फ्रान्सने, आणि कुणाचं कुणी पाडलं यावर लोक तावातावाने बोलायचे. त्या चर्चेत चिनी नाव निघालं की चारदोन नजरा हेमांगीकडे वळायच्या. जणू विमानं तिनेच विकली होती.

एका दुपारी बारीक केस कापलेले दोघे जण कारखान्यात आले. ओळख कुणी करून दिली नाही. देवव्रतांनी हेमांगीला बोलावून सांगितलं की आज काम नाहीये, लवकर गेलीस तरी चालेल. इतक्या वर्षांत त्यांनी तिला कधी लवकर घरी पाठवलं नव्हतं. घाटकोपरला मेट्रोतून उतरताना तिने स्वतःशी हिशेब मांडला आणि तो तिला आवडला नाही.

सैन्यासाठी मोटारी बनवायला तिची हरकत नव्हती. तिचा मामेभाऊ लष्करात होता. अमेरिकेचं काम बुडाल्यावर मालकांनी जे मिळालं ते घेतलं, यातही तिला चूक दिसत नव्हती. तिला टोचत होतं ते वेगळंच. निंगबोत एका बाईने सही केली होती, आणि त्या सहीखाली हेमांगीचा शब्द होता. तो शब्द मालकांना पुढेही वापरायचा होता, म्हणून तिला दाराबाहेर ठेवलं होतं. जिला काही माहीतच नाही ती खोटं बोलत नाही.

मग लिनही बदलली. आधी फोन उचलला की ती जेवलीस का विचारायची. आता नुसता नमस्कार. मग प्रश्न. नवीन गिऱ्हाईक कोण? कारखान्यात किती मजले? तयार मोटारीचा एखादा फोटो पाठवशील? लिनने कधीही मोटारीचा फोटो मागितला नव्हता, तिला मोटारींत काडीचा रस नव्हता. एकदा बोलता बोलता तिच्या बाजूला कुणीतरी खोकलं, पुरुषाचा खोकला, आणि लिन मध्येच थांबली. हेमांगीने विचारलं, जिए, एकटी आहेस ना? लिन म्हणाली, हो, एकटीच आहे.

त्या दिवशी हेमांगीला पहिल्यांदा वाटलं, आपण जिच्याशी इतकी वर्षं बोलतोय ती नक्की कोण आहे?

डिसेंबरात अमेरिकेने तैवानला शस्त्रं विकायचं जाहीर केलं आणि चीन भडकला. बातमी तिने टीव्हीवर पाहिली, चपात्या लाटता लाटता, आणि सोडून दिली. कुठे तैवान, कुठे मुलुंड. त्याच आठवड्यात चुंबकांचा माल निंगबोच्या बंदरात अडकला. योगायोग असा की आदल्या दिवशीच ती लिनशी बोलली होती.

दुसऱ्या दिवशी देवव्रतांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. हर्षद बाजूला बसला होता. देवव्रत तिला नेहमी एकेरीत बोलायचे, अगं हेमांगी, ऐक गं. त्या दिवशी ते म्हणाले, "बसा मॅडम."

आपल्यावर संशय आहे, हे त्या 'बसा'नेच तिला कळलं. मग सगळं फार सभ्यपणे झालं. काल काय बोलणं झालं? वरच्या मजल्याचा विषय निघाला का? तुम्ही घरूनही त्यांच्याशी बोलता का, स्वतःच्या फोनवरून? तिने जे होतं ते सांगितलं. लिन प्रश्न विचारते हेही सांगितलं, आणि सांगितल्यावर तिच्या लक्षात आलं की हे आधीच सांगायला हवं होतं. हर्षदने तिच्याकडे न बघता वहीत काहीतरी लिहिलं. देवव्रत म्हणाले, पुढचा कॉल इथूनच होईल, आमच्यासमोर.

त्या शनिवारी सोसायटीचा सेक्रेटरी प्रबुद्ध जाधव जिन्यात भेटला. चांगला माणूस, पण पोटात काही राहत नाही. म्हणाला, वहिनी, पासपोर्टचं काही केलंय का? एक जण येऊन गेला. तुम्ही चीनला किती वेळा गेलात, घरी कोण येतं, पार्सलं येतात का, असं विचारत होता. कार्ड दाखवलं त्याने, पण प्रबुद्धने चष्मा लावला नव्हता.

हेमांगीच्या पासपोर्टची मुदत कधीच संपली होती, नवा अर्जही तिने केला नव्हता. तो माणूस पोलिसांचा होता, आणखी कुठल्या खात्याचा होता, की हर्षदने पाठवलेला होता? तिने नंदूला सांगितलं. नंदू घाटकोपरला एका कुरियर कंपनीत सुपरवायझर आहे. आयुष्यभर दुसऱ्यांची बंद पाकिटं हाताळलेला शांत माणूस. त्याने ऐकून घेतलं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती आडवी पडली होती. उठून बाहेर आली तर नंदू आणि दिशा सोफ्यावर, मधे तिचा फोन. नंदूला चिनी येत नाही. दिशा एकेक मेसेज भाषांतराच्या ॲपमध्ये टाकत होती आणि बापाला वाचून दाखवत होती. पित्त झालं की लिन काय घेते. निंगबोत पडलेली थंडी. दिशाच्या केसांना कुठलं तेल लावायचं. दिशाचं तोंड उतरलं होतं, ती उठून आत गेली.

नंदूने फोन टीपॉयवर ठेवला. "मला बघायला हवं होतं ना गं. उद्या कुणी दारात आलं तर मी काय सांगू?"

"मला विचारायचंस."

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. मला स्वतः बघायचं होतं."

यावर भांडता आलं असतं. पण हेमांगीला लिनचा खोकणारा माणूस आठवला, आणि लिनने 'एकटीच आहे' म्हटल्यावर आपल्याला काय वाटलं ते आठवलं. ती स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकायला लागली. दोन कप टाकला, सवयीने. नंदू येऊन ओट्याशी उभा राहिला आणि आलं किसून देऊ लागला. 

सोमवारी केबिनमध्ये कॉल लागला. टेबलावर लॅपटॉप, एका बाजूला देवव्रत, दुसऱ्या बाजूला हर्षद. हर्षदच्या मोबाइलवर भाषांतर करणारं ॲप उघडं होतं, तिचं प्रत्येक वाक्य मराठीत उमटत होतं. कॉल लावण्याआधी देवव्रतांनी तिला काय सांगायचं ते सांगितलं. सगळ्या मोटारी चिमणीत आणि पंपांतच जातात, हे तुम्ही स्वतः बघता, असं म्हणा.

हेमांगी म्हणाली, सर, मी वर गेलेली नाही.

देवव्रत पुढे झुकले. मग जुन्या आवाजात बोलले, एकेरीत. "देशाचं काम आहे हेमांगी. त्यांनी आपल्या शेजाऱ्याला विमानं विकलेली चालतात. तुला एक वाक्य जड होतं?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तेवढ्यात पडद्यावर लिन आली. केस कापले होते तिने, बारीक झाली होती. मागे कोरी भिंत. नमस्कार झाला, आणि लिनने प्रश्न वाचून दाखवला. खरंच वाचून, नजर खाली ठेवून. मोटारींचा उपयोग कशासाठी होतो, आणि हे तुम्ही स्वतः पाहिलं आहे का?

हर्षदने मोबाइल तिच्याजवळ आणला. हेमांगीला वाटलं, लिनच्या बाजूलाही, पडद्याबाहेर, असेच दोघे बसले असतील, एक इकडे, एक तिकडे.

ती सावकाश बोलली. जिए, कारखान्यात काय बनतं ते कारखान्याचे मालक कागदावर सांगतील. मी फक्त दुभाषी आहे. यापुढे माझ्या शब्दावर सही करू नकोस.

हर्षदच्या मोबाइलवर ते वाक्य मराठीत उमटलं. त्याने मोबाइल काकाकडे सरकवला.

पडद्यावर लिनने मान वर केली. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मग म्हणाली, ठीक आहे, नोंद केली. आणि कॉल बंद करायच्या आधी, कामाचं सगळं संपल्यावर, तिने विचारलं, "मेई, जेवलीस का?"

हेमांगी हो म्हणाली. जेवली नव्हती.

त्याच दिवशी तिला कामावर न येण्याबद्दल सांगण्यात आलं. देवव्रत ओरडले नाहीत. राहिलेला पगार बँकेत जाईल म्हणाले. गेटवरच्या सिक्युरिटीने, जो तिच्या डब्यातली सोलकढी हक्काने प्यायचा, त्याने तिची पर्स उघडून पाहिली. त्याला तसं सांगितलं होतं. आतला कप्पाही त्याने नीट पाहिला.

घरी येऊन तिने लिनचा नंबर लावला. लागला नाही. दुसऱ्या दिवशी लावला, पुढच्या आठवड्यात लावला. मग कंपनीच्या नंबरवर एका तरुण मुलीने उचलून सांगितलं की लिन आता इथे काम करत नाही. कुठे गेली? माहीत नाही. स्वतःहून गेली की काढली? मुलीने फोन ठेवला. सही केली म्हणून लिनला भोगावं लागलं, की जे काम दिलं होतं ते संपवून ती दुसऱ्या टेबलावर गेली, हे हेमांगीला आजही ठाऊक नाही. कधी एक खरं वाटतं, कधी दुसरं. शेवटच्या त्या 'जेवलीस का'चेही ती दोन अर्थ लावते.

जानेवारीच्या शेवटी हर्षद मुलुंडला घरी आला. हातात मिठाईचा बॉक्स. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, काकांनी पाठवलंय. डिसेंबरात आपला एकट्याचा माल अडकला नव्हता. त्या कंपनीकडून घेणाऱ्या सगळ्यांचाच अडकला होता, वापी, कोइम्बतूर, सगळीकडे. तैवानला हत्यारं विकल्याच्या रागात तिकडे सगळेच कागद पुन्हा तपासायला घेतले असं म्हणतात. आता चिमणीच्या मोटारींपुरता माल सुटलाय, वरच्या मजल्यासाठी चुंबकं दुसरीकडून बघतोय. तुम्ही या परत. काका म्हणाले, गैरसमज झाला.

नंदू बाजूलाच बसला होता. त्याने हेमांगीकडे बघितलं, घरात पगाराची गरज आहे हे आठवून देत.

हेमांगीने विचारलं, "सोसायटीत माणूस तुम्ही पाठवला होता?"

हर्षद गोंधळला. खरंच गोंधळला, की तसं दाखवलं? "कुठला माणूस?" तो म्हणाला.

तिने बॉक्स परत दिला नाही, ते बरं दिसलं नसतं. पण परत कामावर येत नाही असं सांगितलं. हर्षद गेल्यावर नंदू म्हणाला, जायला हवं होतंस, आता तर तू निर्दोष ठरलीस. ती म्हणाली, अरे, मी निर्दोष आहे हे त्यांना चिनी सरकारकडून कळलं. माझ्याकडून कळलं असतं तर गेले असते.

आता ती तळोज्याच्या एका मासळी कंपनीसाठी घरून बोलते. त्यांचीही कोळंबी अमेरिकेला जायची, कराने ती थांबली, म्हणून ते वाकट्या, त्या पट्टीसारख्या लांब मासळ्या, चीनला पाठवायला लागलेत. पलीकडे चौशान नावाच्या बेटावरचा एक घाऊक व्यापारी असतो. हसरा माणूस, आवाज मोठा, माशांबद्दल भरभरून बोलतो. तिसऱ्या की चौथ्या कॉलला भाव ठरल्यावर त्याने सहज विचारलं, तुम्ही मुंबईत कुठे राहता? तिकडे ऊन पडलंय का?

ऊन पडलंय, एवढंच हेमांगी म्हणाली, आणि पुढच्या खेपेला माशाची लांबी किती हवी ते विचारलं.